मीठ घरच्यांनी घालायचं

शरयूच्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत मिठाची पातळी आठवड्याला अर्धं बोट खाली जात असे. माणसं तीन, जेवणं दोन. सहा वर्षांच्या संसारात हे प्रमाण तिला पाठ झालं होतं. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी तिने बरणी उजेडात धरली, मागच्या रविवारी बाहेरून चिकटवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने केलेली खूण शोधली आणि बोटं लावून मोजलं. पातळी अडीच बोटं खाली होती. तिने पुन्हा मोजलं, या वेळी नवऱ्याच्या पोलादी पट्टीने. पट्टीचंही तेच म्हणणं पडलं.

रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेल्या बाईला अशा वेळी तीन शक्यता सुचतात. पहिली, मीठ ओल धरून बसलं असेल. पण ऑक्टोबरात जबलपूरच्या हवेत धरण्याजोगी ओल नसते. दुसरी, कोणी चोरलं असेल. पण शेजारची चांदीची वाटी सोडून मीठ उचलणारा चोर कोणत्याही ठाण्यात पटला नसता. उरली तिसरी. ते मीठ आपण खाल्लं. या शक्यतेपाशी येताच शरयूने तांब्या उचलला आणि सलग दोन पेले पाणी प्यायली. मग तिच्या लक्षात आलं की गेले चार दिवस घरात सगळेच फार पाणी पिताहेत, आणि कोणीही त्याबद्दल बोलत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक पत्र होतं आणि ते रव्याच्या डब्यात होतं.

ते पासष्ट साल. रेडिओवर लढाई थांबली होती, पण जबलपूरच्या लष्करी सामानाच्या कारखान्यात ती थांबल्याचं पत्र आलं नव्हतं. पाळ्या बारा-बारा तासांच्या चालू होत्या, इस्टेटीतल्या क्वार्टरांच्या काचांवर काळा कागद तसाच होता आणि दर शनिवारी संध्याकाळी दिवे घालवण्याचा सराव होत असे. माणसं कमी पडत होती म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेने जागा भरायला काढल्या. शरयूने गुपचूप अर्ज केला, गुपचूप मुलाखत दिली आणि तिला सहायक केमिस्टची जागा मिळाली. सोमवारी सकाळी सातला रुजू व्हायचं. होकार त्याआधीच्या शनिवारपर्यंत कळवायचा. पत्र येऊन दोन आठवडे झाले होते आणि त्या घरात शिरा बंद होता.

श्रीरंग, म्हणजे तिचा नवरा, नाही म्हणेल अशी तिला भीती नव्हती. नाही म्हणाला असता तर वाद घालता आला असता. भीती होती ती त्याच्या ‘बघू’ची. श्रीरंग कारखान्यात गेज-तपासनीस होता, म्हणजे मोजमापाची साधनं तपासणारा. इंचाच्या हजाराव्या भागातली चूक तो झोपेत पकडी. पण घरात पंखा कुठे लावायचा हे ठरवायला त्याने दोन उन्हाळे घेतले होते. पंखा अजून खोक्यात होता. शिवाय घरात त्याची विनता आत्या होती, भिंतीपलीकडे अंजनीबाई होत्या, आणि नोकरी हा विषय एकदा या तिघांच्या हाती लागला की त्याचाही पंखा झाला असता.

म्हणून शरयूने ठरवलं, आधी प्रयोग, मग निष्कर्ष. घरी स्वयंपाकी ठेवून आठवडाभर नीट चालतं हे सिद्ध करायचं आणि शनिवारी एका वाक्यात सांगून टाकायचं.

“विष्णुपंत ठेवा न अधारतालचे,” अंजनीबाई म्हणाल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, आणि क्वार्टरांच्या त्या ओळीच्या नागरी संरक्षणाच्या वॉर्डन. त्यामुळे कोणाच्याही घरात कधीही शिरायचा हक्क त्यांना सरकारनेच दिला होता. “काहून इतका विचार करून राहिल्या? माझ्या नणंदेच्या लग्नात पंधरा दिवस होते. माझे सासरे जेवता जेवता रडले.”

“रडले?”

“हो न. म्हणे, अगदी सूनबाईच्याच हातचं लागते. आता यात रडण्यासारखं काय होतं, ते काही मी विचारलं नाही.”

घरात सांगताना शरयूने आत्याच्या गुडघ्यांचं निमित्त केलं. ही पहिली चूक.

“माझे गुडघे दुखतात म्हणून स्वयंपाकी?” आत्या म्हणाल्या. “मी काय गुडघ्यांनी पोळ्या लाटते?”

श्रीरंग म्हणाला, “बघू.” शरयूने हा होकार धरला.

दुसरी अडचण फाटकावर उभी होती. लढाईमुळे पासाशिवाय इस्टेटीत चिमणीही येत नव्हती, आणि पास देणारे हेमचंद्रबाबू चिमणीलाही बापाचं नाव विचारणारे गृहस्थ होते. विष्णुपंत पांढरं धोतर, काळी टोपी आणि खांद्यावर एक पंचा अशा थाटात सायकलवरून आले. वय सत्तरीच्या अलीकडचं. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

“काम के खाने में क्या लिखूँ? नौकर?” हेमचंद्रबाबूंनी टाक बुडवला.

“नोकर नाही,” विष्णुपंत म्हणाले.

“ठेकेदार?”

“जेवणाचा काय ठेका घेते कोणी?”

“छपे हुए फारम में चार ही खाने हैं, बाबा. नौकर, मजदूर, ठेकेदार, रिश्तेदार. आप करते क्या हैं?”

“मी लोकांच्या घरात जातो अन् त्यांच्या घरचं रांधतो. माझं नाही. हॉटेलवाला आपली चव विकते. मी ज्याच्या घरी गेलो त्याची चव त्याला वाढतो.”

हेमचंद्रबाबूंनी टाक हवेत धरून यावर खरोखर विचार केला. रांगेतली सात माणसं थांबली. “घर में घुसते हैं, घर का बनाते हैं, अपना कुछ नहीं लाते,” ते म्हणाले, “तो फिर रिश्तेदार हुए.” आणि लिहिलं : रिश्तेदार. नातं : चाचा. मुदत : सात दिवस. सातव्या दिवशी घरी येऊन नात्याची खात्री करणं कार्यालयाला बंधनकारक.

शरयू निघाली, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. “दीदी, आपका अपना लेडीज पास भी बना रखा है. दराज में पड़ा है. शनिवार तक हाँ नहीं आई तो फाड़ना पड़ेगा. नियम है.”

शरयूने चटकन विष्णुपंतांकडे पाहिलं. ते फाटकावरच्या हवालदाराच्या मिशा पाहत होते. परक्याच्या घरातलं कानावर पडलं तरी ऐकायचं नाही, हाही त्यांच्या शिस्तीचा भाग होता, हे तिला मागाहून कळलं.

घरी आत्यांनी नवाच प्रश्न काढला. “कागदावर तुझा काका, म्हणजे आमचे व्याही. मग मी त्याच्यासमोर खुर्चीवर बसायचं की नाही?” हा प्रश्न आठवडाभर सुटला नाही. तोवर आत्या दारातच उभ्या राहत, त्यामुळे गुडघे खरोखरच दुखायला लागले.

पहिल्या दिवशी विष्णुपंतांनी सिगडी पेटवण्याआधी सात मिनिटं नुसतं स्वयंपाकघर पाहिलं. शरयूने घड्याळ लावलं होतं. त्यांनी कुठल्या डब्याला हात लावला नाही. कोणता डबा जास्त हाताळलेला आहे, पोळपाट कोणत्या बाजूला झिजलाय, फोडणीच्या पळीचा दांडा कुठे वाकलाय, एवढंच पाहिलं. मग म्हणाले, “या घरात गोडा मसाला आहे पण गूळ जपून. तिखट साहेबांना लागते, आत्याबाईंना चालत नाही म्हणून वेगळं काढता. अन् शिरा होत असे, आता होत नाही.”

रव्याच्या डब्याकडे शरयूने पाहिलं नाही, हे तिने अगदी ठरवून केलं.

“बाई, माझे नियम ऐका,” विष्णुपंत म्हणाले. “एक, मी बाहेरून काही आणत नाही. मसाला नाही, कालथा नाही. दुसरं, मी चव पाहत नाही. घरच्यांच्या आधी रांधणाऱ्याने जीभ लावायची नाही. तिसरं, मीठ घरच्यांनी घालायचं.”

“म्हणजे?”

“मी हाक मारीन, ‘मीठ!’ अन् मागच्या अंगणात जाऊन पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभा राहीन. घरच्या माणसानं यावं, घालून जावं. मी पाहत नाही. पाहिलं की हात अडखळते.”

“विष्णुपंत, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड,” शरयू शांतपणे म्हणाली. “कोणीही घातलं तरी तेवढंच विरघळतं.”

“अच्छा,” विष्णुपंत म्हणाले. “मी चाळीस वर्षांपासून लोकांच्या घरी रांधून राहिलो. आच माझी चालते, फोडणी माझी चालते. मीठ माझं पडलं की जेवण माझं होते अन् घरचे पाहुणे होऊन बसतात. तुमचं मीठ पडलं म्हणजे मग अन्न तुमचं.”

रविवारचं जेवण इतकं उत्तम झालं की श्रीरंगने ‘बघू’ न म्हणता दुसऱ्यांदा भात घेतला. आमटी शरयूच्याच हातची लागत होती, फक्त शरयूच्या उत्तम दिवसांतली. तिला अंजनीबाईंचे सासरे आठवले आणि डोळ्यांत पाणी येतं की काय असं वाटलं.

सोमवारी सकाळी तिने वेळा टिपल्या. पाच चाळीस, भाजीला मीठ. सहा पाच, कणकेला. सहा पंचवीस, आमटीला. सहा पन्नास, कोशिंबिरीला. प्रयोगशाळा सातला सुरू आणि चालत वीस मिनिटं. म्हणजे सोडियम क्लोराइडपायी नोकरी जात होती. सोमवारी संध्याकाळी मात्र काहीच घडलं नाही, कारण त्या वर्षी देशाचं धान्य वाचावं म्हणून सोमवारी रात्री कोणी जेवत नसे. पुढे हिशेब लावला तेव्हा दिसलं की आठवड्यात मीठ बरोबर पडलेली शेवटची रात्र तीच.

मंगळवारी तिने विज्ञानाची मदत घेतली. मिठाच्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं : भाजी, कणीक, आमटी, कोशिंबीर. वजन तोळ्या-माशांत, खाली तारीख. विष्णुपंतांनी पुडी दोन बोटांत धरून दिव्यासमोर पाहिली. “औषध छान बांधलं,” म्हणाले. “पण हाक मारली तर ही चालत येईल काय?” आणि पुड्या परत दिल्या.

बुधवारी तिने श्रीरंगला गाठलं. “अहो, सकाळचं मीठ तेवढं तुम्ही घालत जा. मला जरा सवय बदलून पाहायची आहे.”

“किती घालायचं?”

“चवीपुरतं.”

“म्हणजे किती?”

“अंदाजाने.”

श्रीरंगने तिच्याकडे असं पाहिलं जसं एखाद्या वाकड्या गेजकडे पाहावं. “कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ते सांग. मधलं मी सांभाळतो.” शरयूने मर्यादा सांगितल्या. “मीठ!” अशी हाक आली, तेव्हा श्रीरंग पट्टी घेऊन आत गेला. चमचा भरला, पट्टीने सपाट केला, उजेडात धरला, नापास केला, परत बरणीत ओतला. सहाव्या चमच्याला मंजुरी मिळाली. तोवर आमटी आटून पिठलं झाली होती आणि कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा श्रीरंगच्या हजेरीपत्रावर लाल शिक्का पडला. संध्याकाळी त्याने त्याचा उच्चारही केला नाही. जो माणूस दुसऱ्यांचं काम नापास करण्याचा पगार घेतो, त्याने लाल शिक्क्याबद्दल बोलायचं तरी कोणाशी?

आता श्रीरंगला असा वेळ लागतो हे पाहून, त्याला पुन्हा उशीर होऊ नये म्हणून, आत्यांनी गुरुवारपासून एक काम मनावर घेतलं. ‘मीठ!’ ऐकू आलं की तो पट्टी शोधेपर्यंत त्या आधीच जाऊन एक चिमूट सोडून येत. आत्यांची चिमूट म्हणजे चारचौघांची मूठ. “या घरची मी नाही का?” असं त्यांनी मनातल्या मनात विष्णुपंतांना विचारूनही घेतलं होतं. अंजनीबाई काळे कागद तपासायला रोज मागच्या दाराने येत. विष्णुपंत आपण सुचवलेले, तेव्हा आमटी अळणी झाली तर शब्द आपल्यावर येईल, म्हणून मंगळवारपासूनच हाक कानावर पडली की त्याही जाता जाता हात लावून जात. विष्णुपंत पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभे. चव ते पाहत नसत. शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर या रचनेत चूक पकडली जाण्याची सोयच नव्हती.

गुरुवारी आणि शुक्रवारी सगळे मुकाट्याने जेवले. श्रीरंगला वाटलं आपली मर्यादा चुकली. आत्यांना वाटलं आपला हात जड पडला. सांगायचं कोणी? आणि शरयूला वाटलं, विष्णुपंतांना आता काही बोललं तर ते सोडून जातील आणि प्रयोग बुडेल. तिने आमटीत पाणी घालून घेतलं आणि पाणी चविष्ट आहे असा चेहरा केला.

अशा रीतीने तो शनिवार उजाडला, ज्या दिवशी तिने बरणी मोजली. पास संपायचा दिवस तोच, होकाराचा दिवस तोच, आणि नात्याची खात्री करायला हेमचंद्रबाबू जेवायला येणार तेही त्याच दिवशी. दिवसभरात तिने होकाराचं वाक्य सात वेळा जुळवलं आणि सातही वेळा आत्या मधेच डाळ निवडली का म्हणून विचारायला आल्या.

संध्याकाळी साडेसहाला हेमचंद्रबाबू रजिस्टर काखेत घेऊन आले आणि ‘चाचाजी’ना नमस्कार करायला स्वयंपाकघराकडे वळले. त्याच क्षणी सरावाचा भोंगा वाजला आणि सगळ्या इस्टेटीतले दिवे गेले. अंगणातून अंजनीबाईंचा आवाज आला, “सिगडी झाका! निखारा दिसून राहिला!” कोणीतरी सिगडीवर परात घातली. गडद अंधार झाला.

आणि त्या अंधारात, मागच्या दाराशी, विष्णुपंतांची शांत हाक आली : “मीठ!”

मागोमाग त्यांची पावलं पेरूच्या झाडाकडे गेली.

शरयू माजघरात उभी होती. श्रीरंग अजून कामावरून यायचा होता, असं तिला वाटत होतं. तिने मनात तीस आकडे मोजले. कोणी हललं नाही, किंवा हललं ते तिला ऐकू आलं नाही. आज हेमचंद्रबाबूंसमोर आमटी अळणी वाढायची की काय? ती चाचपडत आत गेली, बरणी हाताला लागली, बरणीचं झाकण मात्र आधीच काढलेलं होतं. तिने अंदाजाने मीठ घातलं आणि परत येऊन उभी राहिली. नंतरही पाच-दहा मिनिटं अंधार होता. त्यात काही कुजबुज, एक बांगडी, एका पट्टीचा खणकन आवाज तिच्या कानांवर आला. पण अंधारात घर आवाज करतंच.

दिवे आले. पानं मांडली होती. श्रीरंग हातपाय धुऊन पाटावर बसलेला दिसला. तो मागच्या दाराने केव्हाच आला होता. “आता आल्याच आहात तर बसा,” म्हणून आत्यांनी अंजनीबाईंनाही बसवलं. विष्णुपंतांनी वाढलं आणि ते अंगणात गेले.

हेमचंद्रबाबूंनी पहिला घास घेतला. त्यांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या आणि तिथेच राहिल्या. “दीदी,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “दाल में... बहुत असर है.” मग त्यांनी पेला उचलला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

श्रीरंगने आमटीत भात कालवला, मग आणखी भात कालवला, मग ताटातला सगळा भात कालवला. आत्या पानाकडे पाहत होत्या. अंजनीबाई ताकासाठी हात पुढे करत होत्या, आणि घरात ताक नव्हतं. शरयूने एकेकाकडे पाहिलं. हे चेहरे तक्रारीचे नव्हते. हे चेहरे परीक्षेत चोरून उत्तर लिहिणाऱ्यांचे होते. पाणी का प्यायलं जात होतं आणि बोललं का जात नव्हतं, हे तिला तेव्हा कुठे उमगलं. तिने फक्त वाट पाहिली.

“आज माझा हात जरा जड पडला,” शेवटी आत्या म्हणाल्या.

“तुझा कसा?” श्रीरंग म्हणाला. “मीठ मी घातलं. अंधारात पट्टी सापडली, पण चमचा दिसला नाही, म्हणून तीनदा घातलं.”

“मग मी काहून घातलं?” अंजनीबाई म्हणाल्या. “मला वाटलं, निखाऱ्याच्या गडबडीत तुम्ही विसरले.”

“मीही घातलं,” शरयू म्हणाली.

सगळे एकमेकांकडे पाहत असताना हेमचंद्रबाबूंनी खोकून गळा साफ केला. “अब छुपाना ठीक नहीं,” ते म्हणाले. “मैं अँधेरे में रसोई के पास ही खड़ा था. चाचाजी ने आवाज दी. कोई हिला नहीं. मैंने सोचा, सरकारी आदमी सही, पर इस वक्त घर में तो हूँ.” आणि त्यांनी मूठ उघडून दाखवली, किती, ते कळावं म्हणून.

अंगणातून विष्णुपंत आत आले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं, मग रिकाम्या पेल्यांच्या रांगेकडे पाहिलं. सांगावं लागलं नाही.

“चाळीस वर्षांत असं घर नाही पाहिलं,” ते म्हणाले. “मीठ घालायला पाच जण, अन् घातलं म्हणून सांगायला एक नाही.” त्यांनी पंचा खांद्यावर नीट घेतला. “साहेब, पास आज संपते. मी उद्या यायचं की नाही ते मागाहून ठरवा. आधी एक सांगा. सोमवारपासून या घरात मीठ कोण घालणार? एकच नाव पाहिजे.”

“शरयू,” आत्या म्हणाल्या.

“शरयूताईच न,” अंजनीबाई म्हणाल्या. “दुसरं कोण?”

श्रीरंग म्हणाला, “बघू.” आणि मग तोही शरयूकडेच पाहू लागला.

हेमचंद्रबाबूंनी पाण्याने ओला झालेला हात धोतराला पुसला, रजिस्टर उघडलं आणि त्यातून एक गुलाबी कार्ड बाहेर काढलं. ते त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांत, फाडण्यासाठी धरतात तसं धरलं आणि घड्याळाकडे पाहून तोंड उघडलं. “दीदी, वो आपका...”

“मी नाही,” शरयू म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त सगळ्यांना ऐकू गेला. “मीठ तुम्ही तिघं मिळून ठरवा. सोमवारी सकाळी सातला मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीवर जाते आहे.”